धिंगरीच्या पिना पिवळ्या पडून चिकट होतायत, शेडमध्ये कुजक्या कोबीचा वास. हा रोग हवेतून पसरतो का?

तेरेखोल_धिंगरी

नमस्कार मंडळी,

सिंधुदुर्गातली धिंगरीची (ऑयस्टर मशरूमची) शेड आहे. २० बाय १५ फूट, उंची ८ फूट, वर पत्रा, आतून शेडनेट, चारही बाजूंनी गोणपाट. जात फ्लोरिडा, बॅगांत भरलेलं काड भाताचं, फॉर्मलिन-कार्बेन्डाझिमच्या द्रावणात रात्रभर भिजवलेलं. पहिली तोडणी स्वच्छ निघाली. पावसाची झड लागल्यापासून दुसऱ्या बहरात गडबड सुरू झाली. पिना, म्हणजे मशरूमचे कोवळे कोंब, फुटतात, वाटाण्याएवढ्या होईपर्यंत ठीक असतात, मग मधासारख्या पिवळ्या पडतात, बोटाला चिकट लागतात आणि तिथेच थांबतात. मोठ्या फुलांच्या काठावर नारिंगी-तपकिरी डाग. सकाळी दार उघडलं की कुजक्या कोबीसारखा वास. आर्द्रता ९३ ते ९७ टक्के, तापमान रात्री २४, दुपारी २७. पाणी विहिरीचं, पंपाने दिवसातून तीनदा.

हा रोग आहे की नुसता पाण्याचा त्रास? एक जण म्हणतो की या जिवाणूचा विषारी वायू निघतो आणि तो शेजारच्या बॅगाही पिवळ्या करतो. यात तथ्य आहे का? आत काम करणाऱ्या बायकांना त्या वासाने काही अपाय? आणि मुख्य म्हणजे, काय मारू?

---

पेट्रीडिश

वर्णन जिवाणूकडेच बोट दाखवतंय. संशयित नंबर एक, स्युडोमोनास टोलासी. बटण मशरूमवरचा तपकिरी डाग आणि धिंगरीवरचा पिवळा रोग, दोन्ही याच्याच नावावर आहेत. १९१५ मध्ये अमेरिकेत तोलास यांनी बटणवरच्या रोगाचं वर्णन केलं आणि १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये पेन यांनी जिवाणूला त्यांचं नाव दिलं. विहिरीचं पाणी, माती, काड, सगळीकडे तो थोडाफार असतोच. तो बाहेरून आला कसा हे शोधत बसण्यापेक्षा त्याची संख्या एवढी वाढली कशी, हे शोधा.

आधी खात्री करून घ्या, कारण पीक चार कारणांनी बिघडतं. पीन कोरडी पडली असेल तर टोक कागदासारखं वाळतं, चिकटपणा नसतो, वास नसतो. कार्बन डायऑक्साइड साचला असेल तर देठ लांबतात, टोप्या बारीक राहतात, पण रंग चांगला असतो. क्लोरीन जास्त झालं असेल तर फवारा ज्या बाजूने पडला त्या बाजूची सगळी फुलं एकाच दिवशी काठाला करपतात. जिवाणूचं तसं नाही. तो ठिपक्याठिपक्याने येतो, जिथे पाणी ठिबकतं किंवा साचतं तिथे आधी, खालच्या रांगेत जास्त, आणि चिकट असतो. तुमच्याकडे चौथाच प्रकार दिसतोय.

घरच्या घरी एक चाचणी होते. निरोगी फुलाच्या टोपीचे साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे कापा. झाकणाचे तीन स्वच्छ डबे घ्या, तळाला उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळलेला टिश्यू ठेवा. पहिल्या डब्यातल्या तुकड्यावर उकळून गार केलेल्या पाण्याचा एक थेंब. दुसऱ्यातल्या तुकड्यावर, रोगट पीन अशाच पाण्यात चुरडून त्याचा एक थेंब. तिसऱ्या डब्यात निरोगी तुकडा एका बाटलीच्या झाकणात आणि रोगट पीन दुसऱ्या झाकणात ठेवा, एकमेकांना अजिबात स्पर्श नको. डबे सावलीत, २५ अंशांच्या आसपास. २४ ते ४८ तासांत दुसऱ्या डब्यातला तुकडा थेंबाच्या जागी तपकिरी होऊन खड्डा पडला आणि पहिला पांढरा राहिला, तर जिवाणू पकडला. पहिलाही तपकिरी झाला तर चाचणी बाद, तुकडा शिळा होता किंवा हात स्वच्छ नव्हते.

तिसरा डबा तुमच्या वायूच्या प्रश्नासाठी आहे. त्या माणसाचं म्हणणं खोटं नाही, अर्धवट आहे. या जिवाणूची विषं दोन तऱ्हेची असतात. टोलासिन हा १८ अमिनो आम्लांचा, एका टोकाला मेदाम्लाची शेपटी असलेला रेणू. तो मशरूमच्या पेशीच्या आवरणात भोकं पाडतो. आवरण फुटलं की आतलं टायरोसिनेज हे विकर आणि फिनॉल एकमेकांत मिसळतात आणि तपकिरी रंग तयार होतो, कापलेलं वांगं काळं पडतं तसाच प्रकार. टोलासिन जड आहे, जवळजवळ दोन हजार डाल्टनचा, तो वाफ होऊन उडत नाही. तो पाण्याच्या थेंबातूनच जातो.

दुसरी विषं मात्र खरोखरच हवेत जातात. १९९० च्या दशकात जपानमध्ये या जिवाणूच्या उडून जाणाऱ्या विषावर काम झालं, त्याला त्यांनी टोव्हसिन म्हटलं. २०१५ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी टोलासीच्या वायूंचं विश्लेषण केलं. त्यात मिथेनथायॉल, डायमिथिल डायसल्फाइड, १-अनडिसीन वगैरे सापडले, शिवाय अमोनियाही. जिवाणू आणि मशरूम एकमेकांना न लागता एकाच बंद भांड्यात ठेवले तरी धिंगरीच्या तंतूंची वाढ मंदावली आणि टोपीचे तुकडे तपकिरी झाले. मिथेनथायॉल ६ अंशालाच उकळतं, म्हणजे तुमच्या शेडमध्ये ते वायूच असतं. कुजक्या कोबीचा वास म्हणतात तो नेमका याचा आणि त्याच्या डायसल्फाइड भावंडाचा.

पण 'बंद भांडं' हे शब्द विसरू नका. भांड्यातली हवा वाटीभर आणि तुमची शेड अडुसष्ट घनमीटर, तीही गोणपाटाची, म्हणजे सतत गळणारी. उघड्या शेडमध्ये एका बॅगेचा वायू शेजारच्या बॅगेला आजारी पाडेल असं मला वाटत नाही. शेजारची बॅग आजारी पडते ती उडालेल्या थेंबांनी, हातांनी, सुरीने आणि माश्यांनी. वायूचं काम मी मानतो ते कोंदट जागेत: बॅगेचं प्लास्टिक आणि काड यांच्या मधल्या फटीत, पाणी साचलेल्या तळाशी, आणि तोडणीनंतर गच्च बांधलेल्या पिशवीत. तिथे तो जखम वाढवू शकतो.

वासाचा उपयोग निदानासाठी करा. सकाळी दार उघडल्या उघडल्या हुंगा, कारण पाच-दहा मिनिटांत नाक मरतं. मग बॅगेला नाक लावून फिरा. डोळ्यांना डाग दिसायच्या आधीची बॅग बऱ्याचदा वासानेच हाती लागते.

---

दवबिंदू

पेट्रीडिशनी रोगी बरोबर ओळखला. आता त्याला खाऊपिऊ कोण घालतंय ते बघू. ९३ ते ९७ टक्के आर्द्रता आणि वर दिवसातून तीनदा पाणी. दादा, पावसाळ्यात कोकणात धिंगरीवर पाणी मारायचंच कशाला?

टोपीवर पाण्याचा पापुद्रा सलग काही तास टिकला की जिवाणू वाढायला लागतो. चार-सहा तास ओलं राहिलं की डाग आलाच समजा. म्हणून नियम टक्केवारीचा नाही, सुकण्याचा आहे: पाणी मारल्यावर दोन-तीन तासांत टोपी कोरडी व्हायला हवी. टिश्यूचा तुकडा टोपीवर टेकवा, ओला डाग उमटला तर अजून सुकलेली नाही.

पाणी न मारताही टोपी ओली होते, दवाने. आकडे बघा. २५ अंश आणि ९५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, २४.१ असतं. म्हणजे टोपी हवेपेक्षा जेमतेम एका अंशाने गार झाली की तिच्यावर पाणी. ९० टक्क्यांना दवबिंदू २३.२, हाताशी पावणेदोन अंश. ८५ ला २२.३, म्हणजे पावणेतीन अंशांची मोकळीक. तुमच्याकडे दुपारचे २७ रात्री २४ होतात आणि वरचा पत्रा त्याहून आधी गार पडतो. पहाटे पत्र्याखाली हात फिरवा, ओला लागेल. तिथून ठिबकणारे थेंब थेट वरच्या रांगेवर. पत्र्याखाली जाड थर्माकोल किंवा पेंढ्याचा थर द्या, आणि त्याखाली उतार देऊन प्लास्टिक ताणा, म्हणजे पाणी कडेला जाईल.

आता पावसाळ्यातली खरी अडचण. बाहेरची हवाच ९५ टक्क्यांची असेल तर एक्झॉस्ट कितीही फिरवा, आत येणारी हवाही ओलीच. उपाय एकच, आत आलेली हवा किंचित गरम करा. २५ अंशाची ९५ टक्के हवा २६ ला नेली की आर्द्रता साधारण ८९-९० होते, २७ ला नेली की ८४-८५. अंशामागे पाच-साडेपाच टक्के उतरतात. तुमची शेड २४०० घनफूट, म्हणजे ६८ घनमीटर. तासाला चार वेळा हवा बदलायची म्हटलं तर हवा तापवायला अंशामागे सुमारे ९० वॅट पुरतात, पण गोणपाट आणि पत्र्यातून जाणारी उष्णता त्यावर. म्हणून १ ते २ किलोवॅटचा पंख्यावाला हीटर धरा, हवा येते त्या तोंडाशी ठेवा, ओल्या जागेत वायरिंग असल्याने ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय चालू करू नका. रात्री अकरा ते सकाळी आठ हीच वेळ महत्त्वाची. कोळशाची शेगडी आत ठेवण्याचा जुगाड कुणी सुचवेल, तो अजिबात नको, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने माणसं जातात.

फ्लोरिडाला २७ म्हणजे काठावरच आहे, २८ च्या पुढे नेऊ नका. पावसाळ्यात पुढची लागवड साजोर-काजू या धिंगरीच्या जातीची केलीत तर हा अंशाचा खेळ थोडा सैल होईल.

हवा हलती ठेवायला आत दोन छोटे पंखे, तोंड भिंतीकडे, झोत थेट बॅगेवर नको. गोणपाट ओलं करणं झड असेपर्यंत बंद. ओलं गोणपाट म्हणजे चारही बाजूंनी जिवाणूंची रोपवाटिका, शिवाय ते आतली हवा गार करतं आणि वर सांगितलेलं गणित उलटं फिरवतं.

---

तेरेखोल_धिंगरी

आकड्यांबद्दल आभार दोघांचे. पत्र्याखाली पहाटे ओलं असतंच, पाहिलेलं आहे. वरची रांग आणि तळाची रांग जास्त बिघडलीय, मधली बरी, ते आता जुळतंय. पाणी पूर्ण बंद केलं तर काड सुकणार नाही ना? आणि विहिरीच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची तर प्रमाण काय? पावसात पाणी गढूळ येतं.

---

काडकुटार

काड सुकतंय का हे बॅग उचलून कळतं. भरताना वजन लिहून ठेवलं असेल तर उत्तम. नसेल तर बाजूने काडीचा झुबका काढून मुठीत दाबा: थेंब गळला तर पाणी जास्त, हात नुसता ओलसर झाला तर बरोबर, कोरडा राहिला तर पाणी हवं. या झडीत पाणी लागेल ते तोडणी झाल्यावर, नव्या पिना यायच्या आधी, बॅगेच्या उघड्या भागावर बारीक फवारा. सकाळी नऊच्या आत. संध्याकाळचं पाणी कायमचं बंद. बॅगेच्या तळाला पाणी साचलं असेल तर ब्लेडने दोन-तीन चिरा द्या, काळं पाणी बाहेर येईल, आणि बहुतेक वासाचा अर्धा भाग त्यातच असेल.

टीसीएलचं प्रमाण. सोलनच्या मशरूम संशोधन संचालनालयाच्या शिफारशी साधारण १०० ते १५० पीपीएम क्लोरीनच्या आसपास असतात, तीन ते पाच दिवसांच्या अंतराने. नव्या डब्यातल्या पावडरीत ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. १५० पीपीएम म्हणजे लिटरला १५० मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे अशी पावडर अर्धा ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला साडेसात ग्रॅम. पण ग्रामपंचायतीच्या गोदामात पावसाळा काढलेल्या पिशवीत २० टक्केही उरलेलं नसतं, मग लिटरला पाऊण ग्रॅम लागते. अंदाजाने टाकू नका. पंचायतीकडे क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन रंगावरून मोजायचा संच, असतो, तो एक-दोन पीपीएमपर्यंतच वाचतो, म्हणून तुमचं द्रावण १० मिलि घेऊन स्वच्छ पाण्याने एक लिटर करा. १५० चं द्रावण असेल तर आता रंग १.५ ला जुळायला हवा. स्वच्छ पाणी म्हणजे क्लोरीन नसलेलं, नळाचं चालणार नाही.

पावडर आधी बादलीभर पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवा, वरचं निवळ पाणी घ्या, खालचा चुना टाकून द्या. तो पंपात गेला तर नोझल चोंदतो आणि फुलांवर पांढरे डाग पडतात. तयार द्रावण त्याच दिवशी संपवा, उन्हात ठेवलेलं तर दुपारपर्यंतच.

गढूळ पाणी हीच तुमची खरी अडचण. माती, पाला आणि जांभ्यातलं लोह क्लोरीन खाऊन टाकतात, मापून टाकलेलं काम करायच्या आधीच संपतं. पाणी टाकीत घ्या, तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या, मग वाळूच्या गाळणीतून काढा आणि त्यात टीसीएल टाका. टाकी झाकलेली हवी, नाहीतर आतून शेवाळ धरतं आणि तेच पुन्हा तुम्ही फवारता. पाइपात रात्रभर उभं राहिलेलं पाणी सकाळी आधी बाहेर सोडा.

हे कशासाठी चालतं तेही सांगतो. पाण्यात आणि वरवर असलेले जिवाणू क्लोरीनने मरतात. चिकट झालेली पीन बरी होत नाही. ती काढायचीच. आणि उमललेल्या फुलांवर मारू नका, काठ करपतात, मग पेट्रीडिशनी सांगितलेला तिसरा प्रकार तुमच्याच हाताने येतो.

काढायची पद्धत अशी. आधी निरोगी बॅगांची तोडणी, रोगट शेवटी, उलटं कधीच नाही. रोगट झुपका मुळासकट, हातात प्लास्टिकची पिशवी उलटी घालून धरा आणि ओढून तिच्यातच उलटवा, म्हणजे थेंब उडत नाही आणि हात लागत नाही. सुरी दोन ठेवा, एक द्रावणात बुडलेली, एक वापरात. काढलेला माल शेडमागे ढिगाला टाकू नका, माश्या तिथून थेट आत येतात. दोन फुटांचा खड्डा, वर टीसीएल शिवरून माती. निम्म्याहून जास्त तोंडं चिकट झालेली बॅग सरळ बाहेर काढा, तिच्यातून तिसऱ्या तोडणीची आशा धरू नका.

माश्या विसरू नका. सायरिड आणि फोरिड या दोन्ही पायाला जिवाणू लावून फिरतात. दार-खिडक्यांना ३५-४० मेशची जाळी, आणि जाळीने हवा अडते म्हणून उघडी जागा दुप्पट ठेवा. पिवळे चिकट सापळे दिव्याजवळ. जुन्या पुस्तिकांमध्ये माश्यांसाठी डायक्लोरव्हॉस लिहिलेलं असतं, त्याच्यावर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, दुकानात कुणी देऊ केलं तरी घेऊ नका.

---

गावशिवार

एवढं सगळं करण्यापेक्षा स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक मारा की. डाळिंबाच्या तेल्यावर मारतात तेच. दोन फवाऱ्यांत जिवाणू साफ.

---

पेट्रीडिश

साफ होत नाही. डाळिंबाचं फळ महिन्यांनी काढतात, धिंगरीची पीन फुटल्यापासून चार-सहा दिवसांत ताटात असते आणि ती धुतली तरी स्पंजासारखी पाणी धरते. औषध खाणाऱ्याच्या पोटात जाणार. शिवाय शेड ओली राहिली तर विहिरीच्या पाण्याबरोबर नवे जिवाणू रोजच येत राहणार, आणि वारंवार मारलेल्या औषधाला न जुमानणारेच मागे उरणार. जुन्या शिफारशींत ही नावं आहेत हे खरं, तरी खाण्याच्या मशरूमवर मी प्रतिजैविक सुचवणार नाही.

कार्बेन्डाझिमही वाढवू नका. ते बुरशीनाशक आहे, जिवाणूला त्याचं काही देणंघेणं नाही, आणि मशरूम स्वतः बुरशी आहे. १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिलि फॉर्मलिन हे जे प्रमाण सगळे वापरतात ते काडातल्या हिरव्या बुरशीसाठी आहे. त्या द्रावणातून काढलेलं काड नीट निथळलं नाही तर मात्र रोगाचं बीज इथेच पडतं: ७० टक्क्यांहून जास्त पाणी राहिलेली बॅग तळाशी आंबते. जमलं तर पुढच्या वेळी काड ८० अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून घ्या. फॉर्मलिनचा वासही वाचेल.

पक्कं निदान हवं असेल तर ताजे रोगट झुपके कागदात गुंडाळून, बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात पोचवा. प्लास्टिकच्या पिशवीत पाठवलात तर वाटेतच सगळं सडतं आणि मग दहा जातींचे जिवाणू उगवतात. 'किंग्ज बी' माध्यमावर वाढवून अतिनील दिव्याखाली चमक बघतात, पण पाण्यातले कितीतरी निरुपद्रवी स्युडोमोनास तसेच चमकतात. म्हणून पांढऱ्या रेषेची चाचणी करायला सांगा: टोलासी आणि एका ठरावीक साथीदार जिवाणूची रेघ जवळजवळ ओढली की मध्ये माध्यमात पांढरी रेषा उमटते. नमुन्याबरोबर पाण्याचीही बाटली द्या.

---

मोकळा_श्वास

बायकांच्या तब्येतीचा प्रश्न मागेच राहिला, म्हणून लिहितो.

मिथेनथायॉल विषारी आहे, पण त्याच्या बाबतीत नाक माणसाच्या बाजूने आहे. कामाच्या जागेसाठी अमेरिकेत सुचवलेली मर्यादा ०.५ पीपीएम आहे आणि वास त्याच्या कितीतरी खाली, अब्जात काही भागांना येतो. उघड्या शेडमध्ये सकाळी वास आला म्हणून घाबरायचं कारण नाही. दार आणि एक्झॉस्ट उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग आत जा. सडलेल्या बॅगा बंद खोलीत साठवल्या असतील तर मात्र तिथे डोकं घालू नका. टोलासी माणसाला रोग करणारा जिवाणू म्हणून ओळखला जात नाही.

धिंगरीच्या शेडमध्ये हवेतलं खरं दुखणं वेगळंच आहे, फुलांचे बीजाणू. टोपी सपाट होऊन काठ वर वळला की फूल ढगासारखे बीजाणू सोडतं, काळ्या प्लास्टिकवर पांढरी पूड दिसते ती हीच. वर्षानुवर्षं ते ओढणाऱ्यांना फुप्फुसाची ॲलर्जी होते. ओळखायची खूण: काम संपल्यावर चार-आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, छातीत जड, आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटणं. लोक मलेरिया समजून औषध घेत राहतात. असं कुणाला होत असेल तर डॉक्टरला मशरूमच्या शेडचं काम आवर्जून सांगा, नाहीतर त्यांच्या लक्षात येणार नाही.

यावर काठ अजून आत वळलेला असतानाच तोडणी करा, त्यात वजनही फारसं जात नाही आणि माल टिकतो जास्त. तोडणीला एन-९५ मास्क, नाकावर घट्ट बसलेला. ओढणी किंवा साधा कापडी मास्क बीजाणू अडवत नाही.

आणि वर सगळे टीसीएल-फॉर्मलिनबद्दल बोलतायत तर: टीसीएलच्या बादलीत संडास धुण्याचं ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू निघतो, अमोनिया किंवा युरियाचं पाणी पडलं तर क्लोरामिन. फॉर्मलिनमध्येही टीसीएल मिसळू नका. तिन्हींचे डबे वेगळ्या कपाटात, मापं वेगळी.

---

बटणवाला

आमच्याकडच्या बटणच्या युनिटांतलं थोडं सांगतो, कारण नाव एक असलं तरी घर वेगळं. बटणला रोगाची खाण म्हणजे केसिंग माती, कंपोस्टवर पसरतात ती. टोपीला टोपी टेकते तिथे पाणी अडकतं आणि पहिला डाग तिथेच, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल नसतो, पण ग्रेड उतरतो. सिंचनाच्या पाण्यात ०.३ टक्के कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे लिटरला ३ ग्रॅम, खाण्याच्या दर्जाचं, हे बऱ्याच ठिकाणी चालतं. माल घट्ट राहतो, जिवाणूंची संख्या उतरते. धिंगरीवर त्याचा तितका उपयोग नाही, तिथे पाणी काडातून मिळतं.

डाग आला म्हणजे टोलासीच असंही नाही. फिकट आल्याच्या रंगाचा डाग असेल तर स्युडोमोनास जिंजेरी. पडद्याखालच्या पाकळ्यांवर चिकट थेंब असतील तर स्युडोमोनास ॲगॅरिसी. वरून स्वच्छ पण उभा कापल्यावर देठ आतून तपकिरी असेल तर एविंजेला. टोपीत खोल खड्डे पडून दोन दिवसांत चिखल होत असेल तर जॅन्थिनोबॅक्टेरियम किंवा बर्कहोल्डेरिया ग्लॅडिओली. शेवटचे दोन आले की खोली रिकामी करण्याशिवाय मार्ग नाही.

खोली रिकामी करताना आम्ही कंपोस्ट बाहेर काढायच्या आधी वाफेने ७० अंशाला १२ तास शिजवतो. गोणपाटाच्या शेडला हे जमणार नाही, म्हणून तेरेखोल भाऊ, हंगाम संपल्यावर गोणपाट उकळून उन्हात वाळवा किंवा बदला, जमीन खरवडून चुना मारा, बांबू-रॅक २ टक्के फॉर्मलिनने धुऊन शेड दोन दिवस बंद ठेवा, मग वास पूर्ण जाईपर्यंत उघडी. फॉर्मलिन मारताना साधा मास्क पुरत नाही, वायूसाठीचा काडतूसवाला लागतो, आणि डोळ्यांना चष्मा.

---

तेरेखोल_धिंगरी

तिन्ही डबे लावले होते. दुसऱ्यात थेंबाच्या जागी तपकिरी खड्डा पडला, पहिला पांढरा. तिसऱ्यातला तुकडा कडेने फिका पिवळा झाला, खड्डा नाही. संध्याकाळचं पाणी बंद केलंय, हीटर घेतोय.

शेवटचा प्रश्न. काठाला जरासा डाग असलेली, पण घट्ट आणि वास नसलेली फुलं विकायची की नाही? आणि ताजा माल फ्रीजमध्ये ठेवला तरी दुसऱ्या दिवशी पिशवीत डाग वाढलेले दिसतात, ते का?

---

पेट्रीडिश

तिसऱ्या डब्यातलं ते फिकं पिवळं वायूचं काम असू शकतं. डबा बंद होता म्हणून दिसलं.

फ्रीजमधल्या डागांचं कारण पिशवीतलं पाणी. शेडमधल्या २६ अंशांचा माल थेट बंद पिशवीत भरून फ्रीजमध्ये टाकला की फुलांची वाफ प्लास्टिकला लागून पाणी होते आणि फुलांवर पडते. हा जिवाणू ४-५ अंशांनाही हळूहळू वाढतो, आणि बंद पिशवीत त्याचा वायूही तिथेच कोंडतो. माल आधी उघड्या क्रेटमध्ये, एकाच थरात, फ्रीजमध्ये दोन-तीन तास गार करा, मग छिद्रं पाडलेल्या पिशवीत भरा, आत एक कोरडा टिश्यू, आणि २ ते ४ अंशांना ठेवा. एकदा गार केलेला माल विक्रीसाठी बाहेर काढून उरलेला पुन्हा आत टाकू नका, दर वेळी दव बसतं. तोडणीच्या आधी सहा तास तरी फुलांवर पाणी नको.

विकण्याबद्दल: घट्ट, वास नसलेलं, काठाला डाग असलेलं फूल काठ कापून त्याच दिवशी नीट शिजवून खाल्लं तर हरकत नाही, पण पॅकमध्ये घालू नका, एक डागी फूल अख्खी पिशवी बिघडवतं. चिकट किंवा वास येणारं खड्ड्यात. डागी माल वाळवून विकायचा विचार असेल तर तोही सोडा. वाळवण्याने जिवाणू मरतातच असं नाही, आणि गिऱ्हाईक ते रात्रभर पाण्यात भिजत ठेवतं. चीनमध्ये पाण्यात फार वेळ भिजवलेल्या काळ्या कानबुरशीतून विषबाधा होऊन माणसं दगावली आहेत. तिथे गुन्हेगार बर्कहोल्डेरिया ग्लॅडिओलीचा एक प्रकार होता, त्याचं बाँगक्रेकिक आम्ल शिजवूनही जात नाही. धिंगरीचा तो जिवाणू नव्हे, पण वाळवलेल्या कुठल्याही मशरूमच्या पाकिटावर 'कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटं भिजवा, जास्त नको' एवढं छापून घ्या.